अदृश्य वहिवाटदार



एल्फ या पाश्चात्त्य अद्भुत जातीविषयी बोलण्याचा मानस मी व्याख्यानमालेच्या चालकांना कळविला, तेव्हा त्यांच्या उत्तरात सौजन्य पुष्कळ आणि उत्साह बेताचा होता. स्मृतिव्याख्यानाच्या पीठावर हा पोरखेळ कशाला, असे त्यांच्या मनात आले असल्यास त्यात नवल नाही. परंतु या विषयाला स्मृतिव्याख्यानाचाच पूर्वाधार आहे. लोककथांचे संग्राहक अँड्र्यू लँग यांच्या स्मरणार्थ स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात जी व्याख्याने होत असत, त्यांतील 8 मार्च 1939 चे व्याख्यान ऑक्सफर्डचे प्राध्यापक जे. आर. आर. टोल्किन यांनी परीकथांवर दिले होते. त्यांचे 'द हॉबिट' त्यापूर्वी सुमारे दीड वर्ष प्रसिद्ध झालेले होते, आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' हा ज्या ग्रंथामुळे एल्फ जगभर पोहोचले तो प्रकाशित होण्यास अद्याप पंधरा वर्षे अवकाश होता. त्या विद्वानाने आपल्या मुलखाच्या दंतकथांचा कैवार घेतला. मी तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यातील दंतकथांचा घेणार आहे, आणि उत्तरेकडील एल्फांना केवळ साक्षीदार म्हणून बोलावणार आहे.

प्रथम त्या साक्षीदारांची ओळख करून घेऊ. आज चित्रपटात दिसणारा एल्फ उंच, गौरवर्ण, टोकदार कानांचा, धनुर्धर आणि जवळजवळ अमर असतो. इंग्लंडमधील सोळाव्या-सतराव्या शतकांतील कवींचा एल्फ याच्या उलट फुलाच्या पाकळीत मावेल एवढा, आणि या लघुरूपाबद्दल टोल्किन यांनी शेक्सपिअर आणि ड्रेटन या दोघांनाही जबाबदार धरले आहे. या दोन्ही रूपांच्या पाठीमागे एक तिसरे आणि पुष्कळ जुने रूप आहे. आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसनने 1220 च्या सुमारास रचलेल्या 'एड्डा' ग्रंथात तेजस्वी एल्फ आणि काळे एल्फ असे दोन वर्ग येतात. आणि त्यांचा मुलूख जो अल्फहाइम, तो फ्रेयर देवास पहिला दात आल्याबद्दल देवांनी इनाम दिला, असे एका जुन्या काव्यात सांगितले आहे. पहिल्या दाताबद्दल अख्खा मुलूख इनाम मिळाल्याचे उदाहरण आपल्या पेशवे दफ्तरातही सापडणे कठीण! याच एल्फांचे बाण लागून माणसाच्या अंगात एकाएकी कळ उठते असे अँग्लो-सॅक्सन लोक मानीत, आणि ती कळ उतरविण्याचा मंत्र त्यांच्या वैद्यकाच्या पोथीत उतरवून ठेवलेला आहे. 1018 च्या सुमारास सिग्वात नावाचा ख्रिस्ती कवी राजाच्या कामगिरीवर स्वीडनमधून जात असता रात्रीच्या आसऱ्यासाठी दारोदार फिरला आणि परत पाठविला गेला, कारण त्या घरांत एल्फांचा कुळाचार चालू होता आणि परक्यास आत घेण्याची चाल नव्हती. एका आइसलंडी सागेमध्ये तर, जखम बरी व्हावी म्हणून बैलाचे रक्त एल्फांच्या टेकडीस लावावे आणि मांसाचे जेवण त्यांना वाढावे, असा उपाय सांगितला आहे.

हा तपशील साक्री किंवा चोपडा तालुक्यातील एखाद्या वृद्ध बाईला ऐकविला तर तिला त्यात अपूर्व असे काही वाटणार नाही. बैलाच्या जागी ती फार तर कोंबडे घालील. टेकडीत, डोहात किंवा झाडावर कोणी तरी राहते. ते आपल्या आधीपासून तेथे आहे. त्याच्या हद्दीत न विचारता पाऊल टाकल्यास ते दुखणे देते. त्याचा वाटा त्याला पोहोचला की ते दुखणे मागे घेते. सौंदर्य, अमरत्व, टोकदार कान हे सारे अलंकार नंतरचे आहेत. मूळ गोष्ट जमिनीच्या आणि पाण्याच्या पूर्वकब्जाची आहे, आणि आज मला जे प्रतिपादन करावयाचे आहे ते एवढेच की, या अदृश्य मंडळींना देव, भूत किंवा कविकल्पना यांच्या सदरात घालण्यापूर्वी वहिवाटदारांच्या सदरात घालून पाहावे, म्हणजे त्यांच्या पुष्कळशा वर्तनाचा उलगडा होतो.

या दाव्यास सर्वांत जुना आणि सर्वांत स्पष्ट पुरावा महाभारताच्या वनपर्वात आहे. यक्षप्रश्न म्हटले की आपणांस युधिष्ठिराची चतुर उत्तरे आठवतात. परंतु त्या प्रकरणाचा आरंभ पाण्याच्या तंट्याने होतो. तहानलेला नकुल सरोवराशी येतो, आणि अंतरिक्षातून वाणी त्याला बजावते की या पाण्यावर माझा आधीचा ताबा आहे, माझ्या प्रश्नांची उत्तरे दे आणि मग पी. नकुल ऐकत नाही, सहदेव, अर्जुन आणि भीमही ऐकत नाहीत, आणि चौघेही काठावर निश्चेष्ट पडतात. युधिष्ठिराचा मोठेपणा त्याच्या तत्त्वज्ञानात आहेच; पण त्याहीपूर्वी, दुसऱ्याच्या मालकीची वस्तू आपण घेऊ इच्छीत नाही असे त्याने त्या यक्षास प्रथमच सांगून टाकले, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. तो यक्ष म्हणजे वास्तविक यमधर्म होता हा खुलासा शेवटी येतो. परंतु सरोवराच्या काठी जाबसाल होतात ते मात्र वहिवाटीच्या भाषेतच.

आता आपल्या डोहाकडे येऊ. खानदेशात काय किंवा उर्वरित महाराष्ट्रात काय, नदीच्या डोहाशी, बंधाऱ्याच्या बगलेस, मळ्यातील विहिरीच्या काठी शेंदूर फासलेले सात दगड एका ओळीत मांडलेले दिसतात, त्या साती आसरा. मत्स्यी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, जतुपी, सोमपा आणि मकरी अशी त्यांची नावे ग्रंथांतून दिलेली आढळतात, आणि त्यांतील बहुतेक मासा, कासव, खेकडा, बेडूक, मगर अशा जलचरांवरून आलेली आहेत. परंतु ही नावे अभ्यासकांच्या कामाची. पूजा करणाऱ्या बाईला त्या सात बहिणी एवढेच ठाऊक असते, आणि एकेकीला वेगळी हाक मारण्याची तिला गरज पडत नाही. त्यांच्या जवळपास पुष्कळदा म्हसोबा राखणीस असतो. आसरांना मुख नाही, मूर्ती नाही, मंदिर क्वचितच. त्यांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खण, दहीभात चालतो. भर दुपारी आणि तिन्हीसांजेला त्यांच्या पाण्यावर एकट्या बाईने जाऊ नये, ओल्या बाळंतिणीने तर मुळीच जाऊ नये, असा शिरस्ता आहे. आणि बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी सात खडे मांडून त्यांची पूजा करण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. पोर ताप भरून निपचित पडले, किंवा एखादी सून पाण्यावरून आली ती बोलेनाशी झाली, म्हणजे तिला आसरा लागल्या असे म्हणतात, भगताला विचारतात आणि पाण्यावर उतारा ठेवून येतात.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1962 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात मातृदेवतांच्या ठाण्यांचा विचार पायी हिंडून केला, आणि ॲन फेल्डहाउस या विदुषीने 1995 साली महाराष्ट्रातील नद्या आणि स्त्रीत्व यांवर लिहिताना आसरांना पुष्कळ जागा दिली. आसरा पोर देतात आणि पोर नेतातही, या द्वैताकडे फेल्डहाउसबाईंचे लक्ष विशेष आहे, आणि ते योग्यच आहे. मी त्याला फक्त एक स्थानिक पुस्ती जोडू इच्छितो. आपल्या धुळे जिल्ह्यात पांझरेवर फडपद्धतीचे बंधारे शतकानुशतके चालत आले. बंधाऱ्याखालच्या रानाचे फड पाडावयाचे, एका फडात एकच पीक घ्यावयाचे, आणि पाटाचे पाणी कोणास केव्हा द्यावयाचे हे पाटकरी, हवालदार आणि जागल्या यांच्या देखरेखीने ठरावयाचे, असा तो कारभार. ज्या समाजाने माणसामाणसांतील पाण्याची वाटणी इतक्या बारकाईने बसविली, त्या समाजाने पाण्याच्या मूळ धन्यांचा वाटाही त्या हिशेबात धरला असेल तर त्याला मी अंधश्रद्धा एवढेच नाव देऊन मोकळा होणार नाही. निदान ती पद्धतशीर अंधश्रद्धा होती, आणि त्यातील पद्धत अभ्यासण्याजोगी आहे.

यक्षांच्या बाबतीत तर आपल्या दाराशी शिलालेखी पुरावा आहे. चाळीसगावच्या दक्षिणेस सातमाळ्याच्या रांगेत पितळखोऱ्याची लेणी आहेत. 1950 नंतरच्या दशकात तेथील मलबा दूर करीत असता पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांच्या हाती एक यक्षमूर्ती आली, ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ठेंगणा, तुंदिलतनू, डोक्यावर पात्र धरलेला आणि मनापासून हसणारा हा यक्ष सुमारे बावीस शतकांपूर्वीचा. आणि त्याच्या हाताच्या पंज्यावर, कान्हदास नावाच्या सोनाराने हा घडविला, असे कोरलेले आहे. नॉर्स कथांत एल्फ आणि खुजे लोक देवांसाठी दागिने आणि शस्त्रे घडवितात. खानदेशच्या वेशीवर सोनारानेच यक्ष घडविला आणि वर आपली सही ठोकली, हा कारागिराचा तोरा मला फार आवडतो. 'महामायूरी' नावाचा एक बौद्ध रक्षाग्रंथ आहे, सर्पदंशावरील मंत्राचा. त्यात कोणत्या नगरी कोणता यक्ष वसतो याची लांबलचक यादी दिली आहे, आणि तीत पितंगल्य येथील शंकरिन् हा यक्ष येतो. पितंगल्य म्हणजेच पितळखोरे असे अभ्यासकांनी अनुमान केले आहे. ती सारी यादी एखाद्या मामलेदाराने तयार केलेल्या जमाबंदीच्या तक्त्यासारखी वाचता येते: गाव अमुक, वहिवाटदार तमुक.

त्याच रांगेत पूर्वेकडे अजिंठा. जळगावकर पाहुण्यांना घेऊन जातात तेव्हा पहिल्या लेण्यातील पद्मपाणीपाशी मान मोडेपर्यंत उभे राहतात आणि दुसऱ्या लेण्याच्या मागील उजव्या कोपऱ्यातील खोली दुरून पाहून परततात. त्या खोलीत हारीती आणि पाञ्चिक ही यक्षदंपती बसलेली आहे. हारीती ही पाचशे पोरांची आई आणि दुसऱ्यांची पोरे खाणारी. बुद्धाने तिचे धाकटे पोर भिक्षापात्राखाली लपविले, ती आकांत करू लागली, तेव्हा पाचशांतील एक हरवल्यावर तुझी ही गत, मग ज्यांना एक-दोनच आहेत त्यांचे काय, असे त्याने तिला विचारले. ती शरण आली. परंतु लगेच तिने व्यवहाराचा प्रश्न काढला, की आता माझ्या पोरांनी खावे काय? त्यावर प्रत्येक विहारात रोज तिचा घास काढून ठेवण्याचे ठरले. सातव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इत्सिंग या चिनी यात्रेकरूने विहारांतील भोजनस्थानी तिचे चित्र असते आणि तिला नित्य अन्न वाढले जाते, अशी नोंद केली आहे. म्हणजे बुद्धाने तिला हाकलले नाही, जाळले नाही, तिच्याशी करारनामा केला. महाभारतातील जरा राक्षसीची तऱ्हाही तीच: दोन शकलांत जन्मलेल्या जरासंधाला तिने सांधले, आणि मुलांनी वेढलेले माझे चित्र भिंतीवर काढील त्याच्या घरी भरभराट होईल असे राजाला सांगितले. श्रावणात आपल्या घरोघरी लागणाऱ्या जिवतीच्या कागदावर लेकरांनी वेढलेली जी बाई आहे, तिच्यात या दोघींची छाया अभ्यासकांनी दाखविली आहे. ज्या वाघूर नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी आहेत तेच पाणी पुढे आपल्या तापीला मिळते, आणि त्या पाण्याच्या काठच्या गावांत शुक्रवारी जिवतीला पुरणाच्या दिव्यांनी ओवाळणाऱ्या आयाबाया हारीतीचे नाव न घेता तिचा हप्ता भरीत आल्या आहेत.

पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात, साक्रीपासून बागलाण-कळवणपर्यंत, कोकणा आणि भिल्ल बांधव मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव करतात; व्रत धरलेले माउल्या पावरीच्या सुरावर नाचत राहतात आणि पौर्णिमेला गडावरच्या ठाण्याशी जातात. आइसलंडात डोंगर आणि खडक यांत हुल्डुफोल्क म्हणजे दडलेले लोक राहतात, आणि कोपावोगुर या शहरी एल्फांच्या टेकडीला धक्का लागू नये म्हणून रस्ता तेवढ्यापुरता अरुंद ठेवला आहे, ही वार्ता आपली वृत्तपत्रे गमतीने छापतात. सह्याद्रीच्या कपारीपुढे रात्र जागविणाऱ्या माणसांची वार्ता छापावी असे त्यांना वाटत नाही. डोंगरावरून झाडाकडे वळलो, तर यावल तालुक्यातील अट्रावलच्या मुंजोबाचे नाव घेतले पाहिजे. मुंज झालेला आणि लग्नापूर्वी वारलेला ब्राह्मणपुत्र पिंपळावर वस्ती करतो, हा मुंज्याचा सर्वश्रुत इतिहास. परंतु अट्रावलला माघात त्याची यात्रा भरते आणि दूरदूरची कुटुंबे नवस फेडावयास येतात. ज्याला इतरत्र पिंपळाखालून जाताना मुले भितात, तो इथे मानाचा धनी झाला आहे. 2024 साली 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट निघाला आणि आपल्या तरुणांना मुंज्या पुन्हा ठाऊक झाला, पण केवळ भिवविणारा म्हणून. वाटा घेऊन शांत होणारा मुंज्या पडद्यावर चालत नाही, असे दिसते.

मग आपल्याकडे परी कोठून आली? पंखांची, नखरेल, सिंहासन उचलून नेणारी परी ही फारसी-उर्दू किश्शांतून आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लखनौच्या अमानतने रचलेल्या 'इंदरसभा' नाटकातून, पारशी नाटक मंडळ्यांच्या पाठीवर बसून हिंदुस्थानभर हिंडली. इंग्रजी क्रमिक पुस्तकांतील पाकळीएवढी परी तिच्यात मिसळली. आणि 1952 पासून मराठीत निघू लागलेल्या 'चांदोबा'च्या रंगीत चित्रांनी राक्षस, वेताळ आणि परी यांना लहानग्यांच्या उशापाशी आणून ठेवले. या परीचा कोणाच्याही विहिरीवर हक्क नव्हता, म्हणूनच ती इतकी निर्धास्तपणे आवडली. आता 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' मुग्धा कर्णिकांच्या भाषांतराने 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून मराठीत आला आहे, हॅरी पॉटरच्या मराठी पुस्तकांतून धन्यासाठी राबणारे घरगडी-एल्फही आले आहेत, आणि आमची नातवंडे त्यांची वंशावळ आम्हाला शिकवितात. मला यात तक्रार करण्यासारखे फारसे वाटत नाही. टोल्किन यांच्या एल्फांत एक फार खरी गोष्ट आहे: ते जात आहेत. माणसांचे युग सुरू झाल्यामुळे ते समुद्रापलीकडे निघाले आहेत, आणि त्यांच्या जाण्याने त्या जगाची झळाळी कमी होते. परंतु ते जाताना कोणाकडे काही मागत नाहीत. त्यांच्या बाबतीत वाचकाला हळहळण्यापलीकडे कर्तव्य उरत नाही, आणि आधुनिक अद्भुतकथेची मोहिनी पुष्कळ अंशी या बिनखर्ची हळहळीत आहे.

इथवर मी वहिवाटदारांची बाजू मांडली. त्यांच्या नावाने माणसांनी जे केले आहे त्यावर पांघरूण घालणे अप्रामाणिकपणाचे होईल. मार्च 1895 मध्ये आयर्लंडातील टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी ही सव्वीस वर्षांची शिवणकाम करणारी स्त्री आजारी पडली. ही आपली बायको नव्हे, परींनी तिला नेऊन तिच्या जागी भलतीच ठेवली आहे, असे तिच्या नवऱ्याने घेतले, आणि नातेवाइकांच्या डोळ्यांदेखत तिला जाळले. त्याला सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली. आपण हे ऐकून शहारतो. परंतु सातपुड्यात डाकीण ठरविलेल्या बायांचे हाल काही आयर्लंडहून वेगळे नाहीत. गावात ताप आला, ढोरे मेली, की भगताने बोट दाखवावे आणि ते बोट बहुधा एखाद्या विधवेवर किंवा जमिनीची धनीण असलेल्या एकट्या बाईवर पडावे, हा प्रकार धुळे-नंदुरबारच्या पोलिसांना आणि कार्यकर्त्यांना अपरिचित नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात असे आरोप ठेवून छळणे हा गुन्हा ठरला, आणि तो ठरावयास फार उशीर झाला होता. माझे निरीक्षण असे की, जोवर दोष डोहाकडे जातो तोवर उताऱ्याचा दहीभात आणि नारळ यांवर भागते. तो डोहाकडून वळून शेजारणीकडे गेला की रक्त सांडते. शेजारीण डाकीण ठरल्याने कोणाची जमीन कोणाकडे गेली, याचे फेरफार तपासले तर या भुताटकीचा मोठा भाग तलाठ्याच्या दफ्तरात सापडेल अशी मला दाट शंका आहे.

आता पाण्याविषयी एक शेवटचा मुद्दा. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात भूजल किती खोल गेले हे श्रोत्यांपैकी बागायतदारांना माझ्याहून चांगले माहीत आहे. विहिरी आटल्या, त्यांच्या जागी कूपनलिका आल्या. यंत्र लावताना आजही नारळ फुटतो, पाणाड्याला मान मिळतो. परंतु सहा-आठ इंच व्यासाच्या नळाच्या तोंडाशी सात दगड मांडल्याचे मी पाहिलेले नाही. बुजविलेल्या विहिरीच्या आसरांचे पुढे काय होते, त्यांना नव्या ठिकाणी बोलावून नेतात काय, की त्या गेल्या असे मानतात, हा प्रश्न लोकसाहित्याचा आहे तितकाच जलव्यवस्थेचाही आहे.

हे विचारावयाचे कोणी? नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यातील शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या पाठवून लोकसमजुती गोळा केल्या होत्या. डिसेंबर 1909 मध्ये अनंत कान्हेऱ्यांनी त्यांचा वध केला, ती राजकीय हकीकत सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्यामागे सनदी अधिकारी एंथोव्हेन यांनी त्या टिपणांतून 1914 साली गुजरातचा आणि 1915 साली कोकणचा असे दोन खंड काढले. खानदेशाला स्वतंत्र खंड मिळाला नाही. इतिहासाचार्य राजवाड्यांनी 1926 च्या अखेरीस या धुळ्यात देह ठेवला; गावोगावच्या पेटाऱ्यांतून महजर आणि सनदा त्यांनी ज्या हट्टाने मिळविल्या, त्या हट्टाचा काही अंश जर आपल्यांत उरला असेल, तर पुढील गोष्टी तालुकावार टिपून ठेवाव्यात. आसरांचे ठाणे कोणत्या पाण्यावर आहे, आणि ते पाणी वाहते, साठलेले की आटलेले. दगड कोणी मांडले असे सांगतात. वाटा कोण देते, काय देते, केव्हा देते, आणि देणे बंद झाले असल्यास कोणत्या साली. पाणी हलले तेव्हा दगड हलले काय. उत्तरे अहिराणीत, लेवा गणबोलीत, भिलोरीत, पावरीत जशी येतील तशीच उतरून घ्यावीत. त्यांना प्रमाण मराठीचा सदरा शिवण्याचे काम मागाहून केव्हाही होईल. नुसती सूचना करून बसून राहणे माझ्या वयालाही शोभणार नाही, म्हणून साक्री तालुक्याच्या नोंदी मी माझ्याकडे घेतो. शिरपूर, शिंदखेडा, यावल, रावेर, चोपडा आणि चाळीसगाव यांसाठी ज्यांना नावे द्यावयाची असतील त्यांनी ती चालकांकडे द्यावीत.